गोळीच्या आधी तपासणी

सांगली

चि. रोहन यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "आई, सकाळी उठल्याउठल्या ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल घेतो, मग दिवस बरा जातो." आठ महिने झाले म्हणे! मला रात्रभर झोप लागली नाही. बाबांचं असंच सुरू झालं होतं. पोट फुगायचं, करपट ढेकरा, दोन घासांत जेवण नको व्हायचं. आम्ही तिखटाला दोष दिला, चहाला दिला, हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत होणाऱ्या त्यांच्या अवेळी जेवणाला दिला. दुकानातून अशाच गोळ्या आणायच्या अन् दिवस ढकलायचे, अशी तीन वर्षं गेली.

शेवटी मिरजेला दुर्बिणीने तपासलं. काहीच सापडलं नाही, कारण गोळी चालूच होती. ती बंद ठेवा असं कुणी सांगितलंच नव्हतं. त्या गोळीने दुखण्यामागचा जंतू दबतो, मरत नाही. पुढे दोन आठवडे ती बंद ठेवून पुन्हा तपासलं. जठराचा कणभर तुकडा पिवळ्या जेलीत ठेवला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती गुलाबी होत गेली. हेलिकोबॅक्टर पायलोरी. हा जंतू युरियापासून अमोनिया करतो आणि त्याच्या आडोशाने जठरातल्या आम्लात तग धरतो. जेलीचा रंग बदलतो तो त्या अमोनियानेच. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन दाखवला होता. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं.

दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, चौदा दिवस. सहाव्या दिवशी बाबा म्हणाले, "तोंड कडूजहर झालंय, बास." मी कॅलेंडरवर रोज फुली मारत राहिले, एक डोस चुकू दिला नाही. अर्धवट सोडलं की उरलेले जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत.

प्रत्येक अपचनामागे हाच असतो असं नाही, आणि तो गेला की सगळ्यांनाच आराम पडतो असंही नाही. पण असेल तर अल्सर होऊ शकतो, क्वचित कॅन्सरही. आणि हा बहुधा लहानपणी घरातूनच येतो रे. बाबांच्या ताटातला भात खाऊनच तू मोठा झालास, ते मनातून जात नाही.

श्वासावरून तपासणी होते, शौचावरूनही. गोळी कधीपासून घेतोस ते डॉक्टरांना आधी सांग. शौचाला काळी झाली किंवा वजन उतरलं तर मात्र एक दिवसही थांबू नकोस. शनिवारी येशील ना? बाबांची फाईल काढून ठेवते.

तुझी,
आई