मागेल त्याला ई-पुस्तक, पण आधी तीन कोटेशन्स!

मा. मंत्रीमहोदय, पर्वरी यांस,

सा. न. वि. वि.

विद्यार्थ्यांनी मागितलेली ई-पुस्तके लगेच मिळतील, असा शब्द वर्षारंभी देण्यात आला होता. आता त्याच्या अंमलबजावणीचा कागद हाती पडला आहे: प्रत्येक पुस्तकामागे तीन कोटेशन्स, तुलनात्मक तक्ता, समितीच्या सह्या, आणि सगळा निधी ३१ मार्चच्या आत खर्ची. मागणीनुसार खरेदी कशी चालते हे तो लिहिणाऱ्याला कोणी सांगितले नसावे, असे धरून चालतो.

ग्रंथालय विक्रेत्याकडे अनामत ठेवते आणि चाळणी ठरवते: विषय, प्रकाशनवर्ष, भाषा, एका पुस्तकाची कमाल किंमत. त्यात बसणाऱ्या पुस्तकांच्या नोंदी कॅटलॉगमध्ये चढतात. पुस्तक अजून घेतलेले नसते, पण वाचकाला ते उघडता येते. पहिली काही मिनिटे चाळणे फुकट. करारातल्या मर्यादेपलीकडे वाचले, पाने छापली किंवा डाउनलोड केली, की भाडे किंवा पूर्ण किंमत अनामतीतून आपोआप वळती होते. काणकोणची मुलगी रात्री अकराला मोबाइलवर पुस्तक उघडते तेव्हा हा व्यवहार काही सेकंदांत उरकतो. तेवढ्यात तीन कोटेशन्स कोणाकडून आणायची, तेही कळवावे.

कोटेशन मागायचेच तर वर्षातून एकदा, सेवेसाठी मागा. सवलत किती, डॉलरचा कोणता दर लावणार, परवाना एका वेळी एका वाचकाचा, तिघांचा की अमर्याद, हे त्यात विचारा. एका वाचकाचा परवाना स्वस्त म्हणून घेतला, तर परीक्षेच्या आदल्या रात्री पहिला मुलगा आत आणि बाकी वर्ग दाराबाहेर. शिव्या मात्र ग्रंथपालाला.

पैसा वाया जातो हा आक्षेप खोटा नाही, पण तो कुठून गळतो ते पाहावे. समजा पुस्तक ८,००० रुपयांचे आणि एका दिवसाचे भाडे १५ टक्के. तीन वेळा भाडे दिले की ३,६०० गेले. ठरलेली भाडी संपून चौथ्या मागणीला आपोआप खरेदी लागू झाली की पूर्ण ८,००० वेगळे. दिलेले भाडे सहसा वजा होत नाही. एकूण ११,६००. २०१४ साली अनेक प्रकाशकांनी हे भाडे वाढवले, तेव्हा परदेशी विद्यापीठांचीही गणिते कोलमडली. म्हणून भाडे किती वेळा द्यायचे आणि किती किमतीच्या वर ग्रंथपालाची मंजुरी लागायची, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. अनामत संपली की नोंदी त्याच दिवशी कॅटलॉगमधून काढाव्या लागतात, नाहीतर मुले बंद दारावर टकटक करत बसतात. हे काम करायला माणूस लागतो. मंजूर जागा रिकाम्या ठेवून ‘डिजिटल गोवा’च्या फलकांवर खर्च करणाऱ्यांना हे कोण सांगणार?

मागणीआधीच पुस्तके घेऊन ठेवण्याची जुनी पद्धत काटकसरीची होती असेही नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही वाचकाच्या घरी गेली नव्हती. आपल्याकडे हे कोणी मोजलेच नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यादी न वाचता गठ्ठ्याने उचललेली पुस्तके मोजायला घेतली, तर काय निघेल ते सांगायला नको.

मग येतात ऑडिटवाले. ग्रंथालयाच्या नोंदवहीतला दाखल क्रमांक कुठे? शिक्का कुठे? पुस्तक दाखवा. स्क्रीनवर दाखवले तर ‘हे तर इंटरनेट’, असा शेरा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के, नसलेल्यावर १८. त्या फरकाचा खुलासाही आम्हीच लिहायचा.

वर ऐकवले जाते की दिल्लीने आता सगळे दिले. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी आणि सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके आहेत, हे खरे. पण ती नियतकालिके आहेत हो! बी.कॉम.च्या मुलाला पाठ्यपुस्तक हवे असते, आणि तेच अनेक प्रकाशक ग्रंथालयांना ई-रूपात विकत नाहीत. मराठी-कोंकणी पुस्तके तर या विक्रेत्यांच्या याद्यांत औषधालाही सापडत नाहीत. त्यासाठी प्रकाशकांशी सरकारनेच बोलायला हवे; एकट्या कॉलेजला तिथे कोण विचारतो?

तेव्हा अनामत जूनमध्ये द्या, उरलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरू द्या, चाळणी ग्रंथपालांना ठरवू द्या, आणि ई-पुस्तकाची दाखल नोंद कशी करायची याचे एक पानी परिपत्रक काढा. कोटेशन्सचा कागद त्याच दिवशी मागे घ्यावा.

आपले,
गोव्यातील काही महाविद्यालयीन ग्रंथपाल