नववीसाठी जर्मन : पालकसभा आणि पाहुणी मुलं

नमस्कार. नववीला जर्मन घ्यायची की नाही, हे येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. त्याआधी मंगळवारी संध्याकाळी ६ वाजता सभागृहात पालकसभा आहे, मुलांनाही आणा. जर्मनीतल्या आपल्या भागीदार शाळेची मुलं ऑनलाइन बोलतील. तिकडे नववी-दहावीतली मुलं दोन-तीन आठवडे गॅरेजात, बेकरीत, दवाखान्यात प्रत्यक्ष काम करून पाहतात. ते त्यांच्याच तोंडून ऐकावं.

केवळ मार्क मिळतात म्हणून भाषा निवडली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथल्या 'आउसबिल्डुंग'ला, म्हणजे कंपनीत काम करत पगारी शिक्षण घ्यायला, साधारण बी१ पातळीची (रोजचे व्यवहार स्वतः निभावता येतील इतकी) जर्मन लागते. ती घाईने येत नाही.

डिसेंबरात त्या भागीदार शाळेतून येणाऱ्या मुलांना घरी ठेवून घेणार असाल तर वर्गशिक्षिकांकडे नाव द्या. वेगळी खोली नसली तरी चालेल. तिखट मात्र बेताचं.