मला कर्ण आठवला नाही

मिरज, रविवार

प्रिय वसंता,

स. न. वि. वि.

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन वाजत राहिले आणि मी ते मुद्दाम उचलले नाहीत, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचे वाचेपर्यंत तुझा निम्मा राग तरी खर्ची पडलेला असेल. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. मंगलचा गुडघा कुरकुरतो आणि माझी साखर तुझ्या स्वभावासारखी वरखाली होत असते. फोन न उचलण्याचे कारण एवढेच की बोलता बोलता एखादा शब्द अडला असता, आणि तुला ते लगेच कळले असते.

गेल्या नोव्हेंबरात दहावीच्या वर्गावर पायथागोरसचे प्रमेय शिकवत होतो. फळ्यावर त्रिकोण काढला, काटकोनाची खूण केली, आणि त्यासमोरच्या बाजूचे नावच आठवेना. ३१ वर्षे जो शब्द दिवसातून दहादा उच्चारला, तो जिभेपर्यंत यायला तयार नव्हता. ‘ही जी काटकोनासमोरची बाजू आहे, ती’ असे म्हणत मी त्या रेघेवरून दोनदा खडू फिरवला. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, ‘कर्ण, सर.’ महाभारतातल्या कर्णाला ऐन वेळी विद्या आठवली नाही, मला ऐन वेळी कर्ण आठवला नाही. वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि डोळ्यांसमोर सारखे तुझे नाना येत राहिले.

त्यानंतर मी स्वतःवर पहारा ठेवू लागलो. वर्तमानपत्राचा स्तंभ वाचून झाल्यावर काय वाचले ते सांगता येत नसे. दुपारी चारच्या सुमारास डोक्यात ओला कापूस भरल्यासारखे वाटे. उत्तरपत्रिका तपासताना गुणांची बेरीज तीनदा करावी लागे. शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने याला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात असे सांगितले. नाव मिळाल्यावर मला जरा बरे वाटले, पण डॉक्टरांनी तेही सुख टिकू दिले नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे आजाराचे नाव नव्हेच. ताप म्हटल्याने जसे मलेरिया की टायफॉइड ते कळत नाही, तसेच हे धुके; ते कशामुळे आले, हा खरा प्रश्न.

मी मात्र त्यांच्याकडे प्रश्न घेऊन नव्हे, मागणी घेऊन गेलो होतो. मला एमआरआयसाठी चिठ्ठी हवी होती. आता तू हसशील किंवा पत्र बाजूला ठेवशील. दोन्ही करण्याचा तुला अधिकार आहे. २०११ साली नानांचे डोके माळ्याच्या फळीला आपटले, साधे टेंगूळ आले आणि दोन दिवसांत जिरलेही. पाचसहा आठवड्यांनी ते पाय ओढत चालू लागले, दुपारभर झोपू लागले, तुला माझ्या नावाने हाक मारू लागले. तू फोनवर स्कॅन करावा का असे विचारलेस, आणि मी, ज्याला जीवशास्त्रात कायम काठावरचे गुण मिळाले, तुला सांगितले की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दुसरे काय होणार, उगाच खर्चात पडू नकोस. माझ्या त्या शहाणपणापायी अकरा दिवस गेले. नंतर सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली साठलेले रक्त दिसले, भोके पाडून ते काढावे लागले, आणि तू वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस. नाना त्यानंतर तीन वर्षे रमीत आपल्याला हरवत राहिले, म्हणून आपण पुन्हा बोलू लागलो. हे दोघांनाही ठाऊक आहे, कधी उच्चारलेले नाही, म्हणून आज लिहून टाकतो.

डॉक्टरांना मी हा सगळा प्रसंग सांगितला. त्यांनी समजावले की वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि त्यावरचे आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही एखादी फाटते. रक्त हळूहळू झिरपत असल्याने लक्षणे कित्येक आठवड्यांनी उमटतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, जशी नानांची होती, तर धोका अधिक. अशा माणसाचा स्कॅन त्याच दिवशी करायचा असतो. माझे डोके मात्र कुठेही आपटले नव्हते. (तुझी कंपासपेटी मी हरवली, हे मला अजूनही आठवत नाही, पण त्याचा दोष या धुक्यावर टाकणार नाही.)

मग त्यांनी बराच वेळ माझी परीक्षा घेतली. नाकाला बोट लावायला लावले, टाचेला पंजा जुळवत रेघेवरून चालवले, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, चार आठवले. कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, असे म्हणाले. मी काटे काढले आणि सवयीने त्यांच्यामधला कोन ८५ अंशांचा आहे हेही सांगून टाकले. ते हसून म्हणाले, ‘गुरुजी, तुमचा निम्मा स्कॅन इथेच झाला.’

तरीही मी हट्ट सोडला नाही. एमआरआयला क्ष-किरण लागत नाहीत, तेव्हा करून घ्यायला हरकत काय, असा माझा युक्तिवाद होता. त्यांनी रॉटरडॅम शहरातला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगितला. तिथे २,००० सर्वसामान्य माणसांच्या मेंदूचे एमआरआय काढले, तेव्हा शंभरात सुमारे सातजणांच्या मेंदूत त्यांना कधी न जाणवलेल्या पक्षाघाताच्या झटक्याच्या खुणा निघाल्या, आणि शंभरात जवळजवळ दोघांच्या रक्तवाहिनीला फुगा होता. माझ्या वयाला पांढरे ठिपके तर सर्रास दिसतात. ‘तुमच्या रिपोर्टात असे काही आले, तर कर्ण न आठवण्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही, पण तुमची उरलेली झोप मात्र जाईल,’ असे ते म्हणाले. आकड्यांपुढे मी नेहमीच नरम पडतो.

त्यांनी स्कॅनला कायमची मनाई केलेली नाही, हे मात्र नीट लक्षात घे, कारण पुढचे मी मंगलला एका कागदावर लिहून दिले आहे आणि तुलाही कळवतो. अचानक तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली, जन्मात दुखले नव्हते असे डोके एका क्षणात फुटू लागले किंवा पहिल्यांदाच फिट आली, तर चिठ्ठीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. कारण मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते देण्याआधी रक्तस्राव नाही याची खात्री सीटी स्कॅन काही मिनिटांत करून देतो. हळूहळू बिघडणाऱ्या गोष्टींचीही त्यांनी जाणीव दिली. चाल बदलणे आणि लघवीवरचा ताबा सुटणे, पहाटेच्या डोकेदुखीबरोबर उलट्या होणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचे व्यवहार न जमणे, स्वभावच पालटणे. यांपैकी काही दिसले किंवा विसरणे महिन्यागणिक वाढत गेले, तर एमआरआयची चिठ्ठी ते स्वतःहून देणार आहेत.

तूर्त धुक्याची कारणे कवटीच्या बाहेरच सापडली आहेत. माझे बी-१२ जीवनसत्त्व निघाले १४२. किमान २०० तरी हवे होते. आपण पडलो शाकाहारी, त्यात गेली नऊ वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, आणि ती गोळी बी-१२ नीट शोषू देत नाही. पायांना येणाऱ्या मुंग्या मी इतके दिवस साखरेच्या खात्यावर मांडत होतो, त्यांतही याचा वाटा असू शकतो म्हणे. थायरॉइड ठीक आहे. शिंकांसाठी रोज रात्री घेत होतो ती जुनी स्वस्त गोळी स्मरणशक्तीलाच गुंगी आणते, म्हणून ती बंद झाली. आणि मंगलने भर दवाखान्यात सांगितले की हे घोरता घोरता मध्येच श्वास घ्यायचे थांबतात, त्यामुळे आता झोपेची तपासणी करायची आहे. वसतिगृहात तू माझ्या घोरण्यापायी खोली बदललीस, तेव्हा मी तुला नाजूक म्हणालो होतो. तो शब्द मागे घेतो.

इंजेक्शने चालू झाली आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, असे ठरले आहे.

सुनंदावहिनी निवृत्त झाल्या का? केदारच्या लग्नाचे कुठवर आले? तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल, असे धरून अक्षर मोठे काढले नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. डॉक्टरांनी मला विचारले होते, ‘विसरणे तुम्हाला जाणवते की घरच्यांना?’ मला जाणवते, असे म्हटल्यावर ते निर्धास्त झाले. माणसाला स्वतःला पत्ता नसतो आणि भोवतालचे चिंतेत पडतात, तेव्हा प्रकरण गंभीर असण्याची शक्यता जास्त. पण मंगल माझी चूक दिसली तरी सांगणार नाही, ती ममतेने झाकेल. आणि शाळेतले लोक मला चांगले बोलणारा म्हणून ओळखतात, विनोद पुन्हा सांगितला तरी हसतात. माझी एकच गोष्ट दुसऱ्यांदा सुरू झाली की ‘ही झाली’ असे तोंडावर म्हणणारा माणूस १९८४ सालापासून एकच आहे. तेव्हा दर रविवारी सकाळी फोन कर. मी उचलीन. आणि या पत्रात एखादी गोष्ट दोनदा आली असेल, तर त्याखाली लाल शाईने रेघ मारून त्या पानाचा फोटो पाठव.

तुझा,
श्रीधर