वहीवरच्या पुठ्ठ्याबद्दल

सातारा

मॅडम, स. न. वि. वि.

मानसोपचार दवाखान्यांच्या व्यवस्थापकांना मार्गदर्शन म्हणून आजवर जे मिळालं, त्यात प्रोजेक्टर होता, पुष्पगुच्छ होते, शेवटी एकत्र फोटो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३, रुग्णाची गोपनीयता, हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकायचं. आणि भिंतीपलीकडे खिडकीवर नोंदवही सताड उघडी. सहीला वाकलेल्या माणसाला वरची वीस नावं, गावं, मोबाईल नंबर बसल्या जागी वाचता यायचे. पाटण-जावळीकडच्या छोट्या गावाला एवढं पुरतं. पुढच्या तारखेला माणूस फिरकत नाही. एकाही साहेबांची नजर त्या वहीवर गेली नाही.

तुम्ही मार्गदर्शनाला आलात आणि दीड तास रुग्णांच्या बाकावर बसलात. मग गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा मागितलात, ब्लेडने त्यात एका ओळीएवढी खाच पाडलीत आणि तो वहीवर ठेवलात. ज्याची ओळ त्यालाच दिसते. बोलला काहीच नाहीत. चूक आमची होती, पण चारचौघांत आम्हालाही उघडं पाडलं नाहीत.

बाकीचंही असंच, हाताला लागेल असं दिलंत. महिन्याच्या इंजेक्शनवाल्यांची कार्डं आडनावावरून लावली की कोण चुकलं ते कळतच नाही. म्हणून ३१ कप्प्यांची पेटी, कार्ड पुढच्या तारखेच्या कप्प्यात. संध्याकाळी त्या दिवसाच्या कप्प्यात जे उरलं, त्याला लगेच फोन. इंजेक्शन चुकलं तरी माणूस काही आठवडे बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात, गाडी घसरते ती नंतर. फोन दुसऱ्याने उचलला तर दवाखान्याचं नाव काढायचं नाही.

लिथियम म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध. त्याची रक्तातली पातळी जास्त आली की आम्ही लॅबला दोष द्यायचो. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं असतं आणि लोक सकाळची गोळी घेऊनच एसटीत बसायचे, हे तुम्ही दाखवलंत. आता चिठ्ठीवरच छापलंय: "सकाळची गोळी सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या."

क्लोझापिन या गंभीर मानसिक आजारावरच्या गोळीचं तर तुम्ही घोटवूनच घेतलंत. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी, मग वर्ष होईपर्यंत पंधरवड्याला, पुढे महिन्याला. रिपोर्ट नाही तर गोळी नाही. आणि खिडकीवर एक प्रश्न सक्तीचा: शेवटची गोळी कधी घेतली? ४८ तासांपेक्षा जास्त खंड असेल तर जुना डोस हातात द्यायचा नाही, आधी डॉक्टरांकडे. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. आधीच्या कुठल्याही शिबिरात हे खिडकीवरच्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला सांगायचं असतं हेच सुचलं नसावं.

समोरच्याचं मन राखून काम दुरुस्त करणारी माणसं आम्ही फार पाहिली नाहीत. मोठ्या हुद्द्यावरची तर नाहीच.

पुठ्ठा पावसाळ्यात दमट होऊन वाकतो, म्हणून दर दोन महिन्यांनी नवा कापतो. मागच्या वेळी खाच जरा रुंद झाली, दोन ओळी दिसत होत्या. खिडकी उघडायच्या आत दुसरा कापला.

आपले,
साताऱ्यातले खिडकीमागचे लोक