बाबा, तुम्हाला मॅग्नेटजवळ का नेणार नाही

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. दिवाळीनंतर तुम्ही दोघं इंदूरला येताय, फार बरं वाटलं. पण बाबा फोनवर म्हणाले तुझं मशीन जवळून बघायचंय आणि मी लगेच हो म्हटलं नाही, तेव्हापासून ते जरा गप्पच आहेत, म्हणून नीट लिहिते.

बाबा, कारण फक्त तुमचा पेसमेकर. आमचं मॅग्नेट ९ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण दोन लाख पट. त्याचं फील्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्र, जिथे ५ गॉसवर (टेस्लाच्या दोन हजाराव्या भागावर) येतं तिथे जमिनीवर पट्टी मारलीये, पेसमेकरवाल्यांनी तिच्या आत यायचंच नाही, आणि यात मी तुमचं काहीएक ऐकणार नाही. आई येऊ शकते, साडीच्या सेफ्टी पिना काढून.

तसं बाहेरून दिसतं काय, एक स्टीलची टाकी. आत नायोबियम-टायटेनियमच्या तारेची कॉइल, ४.२ केल्विनच्या म्हणजे उणे २६९ डिग्रीच्या लिक्विड हीलियममध्ये बुडवलेली. बाबा, तुम्ही एमएसईबीत जन्मभर लाइन लॉस बघितला ना, या तारेत तो नाहीच, एकदा करंट भरला आणि कॉइलची दोन टोकं जोडून दिली की पॉवर सप्लाय बंद करा, करंट फिरतच राहतो. हे मला अजूनही भारी वाटतं.

कॉइलच्या मधल्या पोकळीत, व्हॅक्यूममध्ये, अगदी बारीक तारांवर टांगलेली एक चकती असते, तिच्यावर, ज्या पदार्थाचा अभ्यास करायचा त्याचा काही मिलिग्रॅमचा खडा ग्रीसने चिकटवायचा. खाली हीटर आणि थर्मामीटर. हीटरने जराशी उष्णता द्यायची, तापमान किंचित चढतं, मग हीटर बंद करून ते किती वेळात उतरतं ते बघायचं, त्यावरून खडा किती उष्णता धरतो ते निघतं. आई, तू तूप विकायचीस तेव्हा आधी रिकाम्या बरणीचं वजन करायचीस, तसं मला आधी नुसत्या चकतीचं आणि ग्रीसचं मोजून वजा करावं लागतं, कारण एवढ्या थंडीत खड्याची उष्णता इतकी कमी असते की ग्रीसचीही तिच्या बरोबरीला येऊ शकते. तांबंच बघा, ४ केल्विनला त्याची उष्णता धरायची ताकद नेहमीच्या तापमानापेक्षा सुमारे चार हजार पट कमी. शिवाय थर्मामीटरचं रीडिंग मॅग्नेटमुळे हलतं, म्हणून त्याचं कॅलिब्रेशन फील्डमध्येसुद्धा करायचं. वेळ सगळा यातच जातो.

आई, तू विचारलंस यातून मिळतं काय. माझ्या खड्यातले काही अणू बारके चुंबक असतात आणि फील्डमध्ये प्रत्येकाकडे दोनच पर्याय, फील्डच्या दिशेने किंवा उलट. तापमान वाढवत नेलं की ते उलटे व्हायला लागतात, त्याला उष्णता लागते, ग्राफवर उंचवटा येतो. ९ टेस्लाला तो ५ केल्विनच्या आसपास, फील्ड निम्मं केलं की अडीचला सरकतो. आणि प्रत्येक ठिकाणच्या उष्णतेला तापमानाने भागून सगळी बेरीज केली की अशा अणूंच्या एका मोलमागे (मोल म्हणजे अणू मोजायचं ठरावीक माप) ५.७६ ज्यूल प्रति केल्विन यायला हवी, दोन पर्यायांचा हिशोब तेवढाच असतो. कमी आली तर समजायचं की अणू आपापसात आधीच काहीतरी ठरवून बसलेत, आणि मी शोधतीये ते नेमकं हेच. डोळ्यांनी, मायक्रोस्कोपनेही न दिसणारी गोष्ट नुसती उष्णता मोजून कळते, म्हणून मला या कामाचा कंटाळा येत नाही.

हीच गोष्ट उलटी वापरून १९३३ मध्ये अमेरिकेत बर्कलीला विल्यम जिऑक या रसायनशास्त्रज्ञाने फील्ड काढून घेत, म्हणजे बारक्या चुंबकांना उलटायला मिठाचीच उष्णता घ्यायला लावून, गॅडोलिनियम या धातूचं मीठ ०.२५ केल्विनपर्यंत थंड केलं होतं, १९४९ चं नोबेल मिळालं त्याला.

तर बाबा, तुम्ही कंट्रोल रूममध्ये बसा, ग्राफ तिथेच स्क्रीनवर येतो, एकेक पॉइंट पडताना बघता येईल आणि मी शेजारीच असेन. येताना पेसमेकरचं कार्ड नक्की आणा, आणि आई, इकडे तोवर थंडी पडलेली असेल, बाबांचा स्वेटर वरच ठेव.

तुमची,
छोटी