आईचा ओठ सरळ न केल्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण कळव्यात खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीतली तुमची मातीशिल्पांची पत्र्याची शेड ज्यांना ठाऊक आहे, ते ओळखतीलच.

मागच्या जूनमध्ये आईला घेऊन आले तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून वारं जाऊन आठ महिने झाले होते. डावीकडचा ओठ ओघळलेला, डोळा पुरता मिटत नव्हता. ठाण्याच्या तलावपाळीवरची मैत्रिणींबरोबरची फेरी तिने बंद केली होती, घरातल्या आरशावर टॉवेल टाकला होता. मी तिचा चाळिशीतला फोटो पुढे केला आणि म्हटलं, मातीत असा चेहरा करून द्या. तुम्ही पोस्टकार्डाने फोटोचा एक अर्धा झाकलात, मग दुसरा. "बघा, हा डोळा तेव्हाही खालीच होता." जन्मापासून तो चेहरा बघतेय, मला कधी दिसलं नव्हतं. फोटो परत देऊन तुम्ही थेट तिलाच विचारलंत, "काकू, आज आहात तशा बसाल?"

ती नऊ दिवस रोज सकाळी बसली. सळईवर तारेने टांगलेली लाकडाची फुली, त्या फुलीभोवती मातीचे गोळे, दर संध्याकाळी वर ओलं फडकं. तिसऱ्या दिवशी मातीतला ओठ जवळजवळ सरळ झालेला पाहून मी मनातून सुखावले. तुम्ही मात्र तो कापून काढलात. म्हणालात, हात आपसूक सारखं करत जातो, त्याला सतत अडवावं लागतं. मग कॅलिपरने डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी घेतलंत आणि त्यातला फरक जसाच्या तसा मातीत उतरवलात. गालावर बोटांचे ठसे राहू दिलेत. स्पंजने गुळगुळीत केलेला गाल साबणासारखा दिसतो, खडबडीत गालावर उजेड-सावली खेळते, हे तुम्ही खिडकी उघडून दाखवलंत, म्हणून मला पटलं.

चहा उकळेपर्यंत फ्रेंच शिल्पकार रोदँची गोष्ट सांगितलीत. १८६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्या थंड स्टुडिओत माती गोठली, डोक्याचा मागचा भाग गळून पडला आणि नाक मोडलेल्या एका माणसाचा नुसता चेहरा उरला. त्याने तोच पॅरिसच्या प्रदर्शनाला पाठवला. त्यांनी नाकारला; पुढे १८७५ मध्ये त्याचंच संगमरवरी रूप स्वीकारलं. आई ती गोष्ट अजून ज्याला त्याला सांगते.

भट्टीचं मात्र मला सोसलं नाही. माथा तारेने कापून तुम्ही आतून माती खरवडलीत, अंगठ्याएवढी जाडी ठेवून माथा पातळ मातीने परत जोडलात. आत ओल राहिली तर वाफेने डोकं फुटतं, म्हणून भर पावसाळ्यात पाच आठवडे कागदात गुंडाळून सुकवलंत. एवढं करूनही डाव्या कानामागे मानेपर्यंत भेग आली. ५७३ अंशांवर मातीतल्या गारगोटीचे कण एकदम आकार बदलतात, तापताना फुगतात, निवताना आक्रसतात, हे तुम्ही शांतपणे समजावत होतात आणि मी रडत होते. तुम्ही भेग बुजवली नाहीत. आधी आईला विचारलंत. तिने भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, राहू दे.

इतक्या महिन्यांत तिला तिच्या चेहऱ्याबद्दल काही विचारणारे तुम्ही पहिलेच. आम्ही सगळे तिच्या वतीने ठरवत होतो, मी सर्वांत जास्त. यासाठी तुमचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचत नाही. पैसेही तुम्ही फक्त भट्टीचे घेतलेत.

आरशावरचा टॉवेल अजून आहे. पण डोकं आमच्या खारेगावच्या घरी, दारातून आत येताच दिसेल अशा टेबलावर आहे. गेल्या आठवड्यात तिने तलावपाळीच्या मैत्रिणींना चहाला बोलावलं. एकीने मागे वाकून पाहिलं, "अगं, हे तडकलंय का?"

"ते भट्टीत झालं," आई म्हणाली. "ओठ माझा आहे."

दिवाळीनंतर ती नारळाच्या वड्या घेऊन शेडवर येणार आहे. स्टूल तेच ठेवा, तिला त्याची सवय झाली आहे.

तुमची ऋणी,
काकूंची मुलगी