संज्या, ओमच्या पीसीसाठी १०६० च घे

नागपूर, मानेवाडा

प्रिय संज्या,

आधी उत्तर सांगतो, मंग कारणं सांगतो, नाहीतर तू अर्ध्यातच वाचायचं सोडशील. तुझ्या पुतण्यासाठी, ओमसाठी, एनव्हीडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड घे, सहा जीबीवालं. बर्डीवरच्या दुकानात हे आणि एएमडीचं आरएक्स ५८०, दोन्ही जुने कार्ड ठेवले आहेत, मी दोन्ही हातात घेऊन पाहिले, दुकानवाल्याच्याच टेबलवर लावून चालवून पण पाहिले. आरएक्स ५८० ला तो साडेपाच हजार म्हणून राहिला आणि १०६० ला सहा. पाचशे जास्त जाऊन राहिले, मेमरी दोन जीबी कमी मिळून राहिली, तरी पण १०६० च.

आणि हे मी सांगून राहिलो म्हणजे बघ, कारण माझ्या स्वतःच्या पीसीत ५८० आहे आणि त्या कार्डावर माझा जीव आहे हे तुला माहीत आहे. कागदावर पाहिलं तर ५८० च भारी वाटतं. आठ जीबी मेमरी, २५६ बिटचा बस (मेमरीकडे जाणारा डेटाचा रस्ता), म्हणजे सेकंदाला २५६ जीबी डेटा जातो, आणि १०६० चा बस १९२ बिटचा, तिथे १९२ जीबी. १०६० आलं जुलै २०१६ मधे, ५८० आलं एप्रिल २०१७ मधे, पण ५८० म्हणजे पूर्ण नवीन चिप नव्हती, २०१६ च्याच आरएक्स ४८० ला एएमडीने घासूनपुसून, चिपचा वेग वाढवून परत आणलं होतं. तेव्हा जुन्या डीएक्स ११ च्या (गेम ज्या भाषेत कार्डाशी बोलतो त्याचं व्हर्जन) गेममधे १०६० थोडं पुढे असायचं, मंग जसे डीएक्स १२ आणि व्हल्कन या नवीन भाषांचे गेम वाढत गेले तसं ५८० पुढे सरकत गेलं. आज नवीन गेममधे टेक्सचर (वस्तूंवरचे बारीक चित्र) हायवर ठेवले की सहा जीबी भरून जातात आणि गेम मधेच अडकतो, तिथे ५८० चे आठ जीबी खरंच कामी येतात. हे मी रोज पाहतो, त्यामुळे कोणी म्हटलं की दोन्ही सारखेच आहेत तर मी मान्य नाही करणार.

पण प्रश्न तुझ्या घरच्या पीसीचा आहे ना. मी नंदनवनला जाऊन कॅबिनेट उघडून पाहिलं (काकूंनी तर्री पोहे खाऊ घातल्याशिवाय हात लावू दिला नाही). आत चौथ्या जनरेशनचा आय५ प्रोसेसर आहे, चार कोअर चार थ्रेड, एच८१ चा मदरबोर्ड, आणि एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) ४५० वॅटचा, त्याच्यातून ग्राफिक्स कार्डासाठी एकच सहा पिनची वायर येते. सगळा निर्णय त्या वायरवरच होऊन जातो. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात आणि सहा पिनमधून ७५, म्हणजे १५०. १०६० ची गरज आहे १२० वॅटची, आरामात बसते. ५८० ला लागतात १८५, त्याला आठ पिनची वायर पाहिजे, काही मॉडेलला तर आठ आणि सहा दोन्ही. दुकानवाला लगेच म्हणतो, मोलेक्सचं (जुन्या चार पिनच्या वायरीचं) कन्व्हर्टर देतो ना भाऊ, पन्नास-शंभरात काम होते. अबे, जुन्या एसएमपीएसच्या त्या बारक्या वायरीवर एवढा लोड टाकला की कनेक्टर गरम होते, प्लास्टिक पिवळं पडते, वितळते पण. घरात लहान पोट्टं पीसी चालवणार, तिथे मी असं काही लावू देणार नाही. मंग ५८० घ्यायचं तर नवीन चांगला एसएमपीएस पण घ्यावा लागेल, आणि तो घेतला की ५८० चं स्वस्तपण तिथेच संपलं.

दुसरी गोष्ट उन्हाळा. पुण्यात राहून तुला विसर पडला असेल, पण इथे होळी झाली की खोलीचं काय होते ते माहीत आहे ना. इंटरनेटवर जे टेस्ट दाखवतात ते एसीच्या खोलीत पंचवीसेक डिग्रीत केलेले असतात. आपल्याकडे मे मधे, नवतपा लागला की बाहेर पंचेचाळीस आणि खोलीत कूलर चालू असून पण अडतीस. खोली जेवढी जास्त गरम, कार्ड साधारण तेवढंच वर जाते, त्याला थंड हवा मिळणार कुठून, पंखा खोलीतलीच हवा ओढतो. माझं ५८० मे महिन्यात दुपारी ऐंशीच्या वर जाते, पंखे एवढे ओरडतात की बाजूच्या खोलीत बाबा उठून बसतात, आणि मी दुपारी गेम खेळणंच बंद करतो, रात्रीच खेळतो. व्होल्टेज थोडं खाली आणून चालवलं तेव्हा बराच फरक पडला, ५८० ला ते चांगलं सहन होते, एएमडीच्या सॉफ्टवेअरमधेच सोय आहे. पण ते स्वतः बसून जमवावं लागते. ओमची ती छोटी खोली, वर स्लॅब, पश्चिमेची खिडकी, तिथे पासष्ट वॅट कमी म्हणजे तेवढी गरमी कमी. बिलाचं म्हणशील तर रोज चार तास धरले तर महिन्याचे आठेक युनिट, त्याच्यासाठी कोणी कार्ड बदलत नाही. मला काळजी गरमीची आहे.

आता ओमचं खरं काम. तू लिहिलं की गेमिंगसाठी पाहिजे, पण मी त्याच्याशी बोललो तर तो ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शिकून राहिला, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून. त्याने मला एक संत्र्याची फोड बनवलेली दाखवली, आतले दाणे वेगवेगळे केलेले, वरून उजेड टाकला तर रस चमकतो असं, आणि तेवढी एक फ्रेम रेंडर (म्हणजे पूर्ण चित्र तयार) व्हायला प्रोसेसरवर किती वेळ लागते ते पण दाखवलं, पोट्टा स्क्रीनसमोर हात बांधून नुसता बसलेला. इथे मात्र ५८० एकदम बाद होते. ब्लेंडरने डिसेंबर २०२१ च्या ३.० व्हर्जनमधे ओपनसीएल, म्हणजे एएमडी कार्डावर रेंडर करायची सोय, काढून टाकलं, तेव्हापासून ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनचं रेंडरिंग ५८० वर होतच नाही, एएमडीसाठी जी नवीन सोय आली ती पुढच्या कार्डांसाठी आली. १०६० मधे क्युडा आहे, एनव्हीडियाची तशीच सोय, ती आजही चालते. म्हणजे आठ जीबीचं कार्ड लावून पण ओमचं रेंडर प्रोसेसरवरच चाललं असतं. मला तर हे एकच कारण पुरेसं आहे. व्हिडिओ एक्सपोर्ट करायला पण १०६० चा एन्कोडर (व्हिडिओची फाईल बनवणारा भाग) जास्त साफ काम करतो.

तू विचारलं होतं की जुनं काऊन घ्यायचं, नवीनच स्वस्तातलं घेऊ. बघ, त्या बजेटच्या थोडं वर आरएक्स ६५०० एक्सटी सारखे कार्ड येतात, ते २०२२ चं आहे, पण त्याला बोर्डाशी जोडायला फक्त चार लेन (डेटाचे पदर) आहेत, पीसीआय एक्सप्रेस ४.० चा वेगवान स्लॉट धरून बनवलेलं. तुझा एच८१ बोर्ड २.० चा. तिथे ते कार्ड लावलं म्हणजे चार पदरी रस्त्यावरून आलेल्या ट्रॅफिकला महालच्या गल्लीत घुसवल्यासारखं. शिवाय त्याच्यात व्हिडिओ एन्कोडर पण नाही. हे दोन्ही जुने कार्ड सोळा लेनचे आहेत, २.० वर पण त्यांचं फार काही बिघडत नाही.

एक वाईट बातमी पण सांगून देतो, नंतर म्हणू नको. एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ मधे १० सिरीजचे गेमवाले ड्रायव्हर बंद केले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटीचे अपडेट येतील, ते पण तीन महिन्यातून एकदा. म्हणजे उद्या एखादा नवीन गेम आला आणि १०६० वर नीट चालला नाही तर कोणी दुरुस्त करून देणार नाही. एएमडीने पण ५८० ला केव्हाच वेगळ्या रांगेत टाकलं, नवीन कार्डांसारखं लक्ष त्याच्याकडे नाही. विंडोजऐवजी लिनक्स टाकलं तर मात्र ५८० ची मजा आहे, ड्रायव्हर त्याच्यासोबतच येतो, काही शोधावं लागत नाही, आणि १०६० ला तिथे एनव्हीडियाचा जुना बंदिस्त ड्रायव्हर धरून बसावं लागते. ओम लिनक्सवाला असता आणि ब्लेंडर नसतं, तर मी आठ पिनच्या एसएमपीएससकट ५८० उचललं असतं. आणि रे ट्रेसिंगचं (खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवायचं) हार्डवेअर, डीएलएसएस (एनव्हीडियाची फ्रेम वाढवायची सोय) वगैरे दोन्हीत नाही, त्याला ते आधीच सांगून ठेव. एफएसआर, एएमडीची तशीच फ्रेम वाढवायची सोय, तिचे जुने व्हर्जन दोन्हीवर चालतात, जिथे गेममधे दिलं आहे तिथे लावायचं.

आता दुकानात काय पाहिलं ते. ५८० घेताना लोक फसतात कारण त्याच नावाने २०४८ शेडरवालं (शेडर म्हणजे चिपमधले छोटे कोअर) पण विकतात, खऱ्यात २३०४ शेडर असतात, २०४८ वालं म्हणजे आतून खालचं ५७० च. हे जीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर लावलं की दिसते. या दुकानातलं खरं होतं, २३०४ दाखवलं. पण मागून पाहिलं तर पॉवरच्या भागाकडे बोर्ड तपकिरी झालेला, गरमी खेचणाऱ्या पॅडमधून तेल सुटून खाली पसरलेलं, आणि एक पंखा हाताने फिरवला तर खरखर करत थांबला. हे कार्ड मायनिंगमधून, म्हणजे दिवसरात्र क्रिप्टो कॉइन काढण्यातून, आलेलं आहे हे मला तिथेच समजलं. ५८० वर इथेरियम कॉइन खूप काढलं लोकांनी, सप्टेंबर २०२२ मधे इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा ढिगाने कार्ड बाजारात आले. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं मी म्हणत नाही, माझं पण कोणाकडून आलं काय माहीत, पण हे जे समोर होतं ते थकलेलं होतं.

१०६० ला पण एक फसवणूक असते, तीन जीबीवालं. लोकांना वाटते नुसती मेमरी कमी, पण त्याच्यात कोअर पण ११५२ च आहेत, सहा जीबीत १२८०. समोरचं कार्ड १२८० वालं निघालं. स्क्रूवरचं सील तुटलेलं होतं, म्हणजे कोणीतरी उघडलं आहे, दुकानवाला म्हणाला चिप थंड ठेवायची पेस्ट नवीन लावली. अर्धा तास टेस्ट लावून बसलो, पंख्याचा आवाज सारखा, स्क्रीनवर ठिपके नाही, रेषा नाही, तापमान सत्तरच्या आसपास जाऊन थांबलं. तिन्ही डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय वायर बदलून बदलून पाहिले, सगळे चालू. तुझ्या घरचा मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए (जुनी निळी पिन) आहे, आणि या दोन्ही कार्डात व्हीजीए निघत नाही, डीव्हीआय आहे पण तो डिजिटलवाला, साधा पिन बदलायचा जोड लावून चालत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं चिपवालं कन्व्हर्टर घ्यावं लागेल, माझ्याकडे एक पडलं आहे, ते देऊन देतो.

बाकी कॅबिनेटमधे समोर एक पण पंखा नाही, तो मात्र लावूच. आणि कूलर सरळ पीसीवर मारायचा नाही हे ओमला मी बजावून सांगितलं, ओली हवा आणि धूळ दोन्ही आत जाते, पण तू पण सांग, चुलत्याचं ऐकतो तो.

दुकानवाला पाच हजार सातशेपर्यंत आला आहे, पंधरा दिवसांची बदलून द्यायची गॅरंटी बिलावर लिहून देतो म्हणाला, तेवढं लिहून घेतल्याशिवाय मी पैसे देणार नाही. रविवारपर्यंत ठेवतो म्हटलं त्याने. शनिवारच्या आत हो म्हण, मी ओमला घेऊनच जातो, बसवणार पण तोच. पैसे मी देऊन देतो, तू आला की पाहू.

तुझा,
पक्या